बायपासपलीकडचं डॉग पार्क चांगलंच आहे, पण असं आपल्या बगीच्यात का नको?

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचातले चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण मला जाहिरात पण करायची नाही आणि कुणाची बदनामी पण नाही. इंदूरमध्ये ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना बायपासच्या पलीकडचं शेतातलं डॉग पार्क म्हटलं की अंदाज येईल, नाही आला तरी हरकत नाही, मी जे जे बघा म्हणतेय ते कुठल्याही अशा जागी गेलात तरी बघायलाच पाहिजे.

आमचा काळू देशी आहे. पुलियाखाली सापडलेलं पिल्लू, आता अंगाने चांगला भरलाय, आणि पळायला लागला की त्याच्यात किती ताकद आहे ते कळतं. पण पळायचं कुठे? आमच्या राजेंद्र नगरच्या बाजूला पूर्वी घराला अंगण असायचं, मागे पेरूचं झाड, कुत्रं दिवसभर फाटकाच्या आत मोकळं फिरायचं. आता जिकडेतिकडे मल्ट्या, म्हणजे फ्लॅटच्या इमारती झाल्या, आम्हीही मल्टीतच राहतो, दोन खोल्या नि गॅलरी. सकाळ-संध्याकाळ पट्टा बांधून रस्त्यावरनं फिरवून आणते पण ते फिरणं माझ्या चालीने असतं त्याच्या नाही, मला गुडघ्याचा त्रास, त्याला धावायचंय, आणि समोरून गाड्या आणि गल्लीतली कुत्री. पट्ट्याला ताण बसला की तोही ताणतो, समोरचा कुत्राही भुंकतो, आणि लोकांना वाटतं की हा चावरा आहे. तो चावरा नाहीये, त्याला नुसतं जाऊन वास घ्यायचा असतो आणि बांधलेल्या कुत्र्याला ते जमत नाही म्हणून तो चिडतो. कुत्रा पाळणाऱ्या कुणालाही विचारा, हेच सांगतील.

तर तिथे बुकिंग फोनवर करावं लागतं, आयत्या वेळी गेलात तर गेटवरून परत पाठवतात, आणि मला ते आवडलं. तासाचे अडीचशे एका कुत्र्याचे, रविवारी साडेतीनशे, सोबत दोन माणसं फुकट. बुकिंग करतानाच लसीच्या कार्डाचा फोटो मागतात. रेबीजची लस वर्षाच्या आतली पाहिजे, नाइन-इन-वन, म्हणजे नऊ रोगांची एकत्र लस, झालेली पाहिजे, जंताचं औषध कधी दिलं ते विचारतात. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू घेत नाहीत कारण लसी पुऱ्या झालेल्या नसतात आणि पार्वो या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा व्हायरस जमिनीत कित्येक महिने टिकतो, बाकीच्यांना काही होणार नाही पण पिल्लू जिवानिशी जाईल. माजावर आलेली कुत्री पण आणायची नाही. हे सगळं ते फोनवरच सांगतात, आणि कुणी हुज्जत घातली तर सरळ पैसे परत. माझ्यासमोर एका माणसाने कार्ड घरी राहिलं म्हणून बराच वाद घातला, मोठी गाडी, मोठ्या ओळखी, सगळं सांगून झालं, पण गेटवरचा पोरगा शांतपणे म्हणत राहिला की भिया फोटो मंगवा लो, दो मिनिट लगेंगे. शेवटी घरून फोटो मागवला तेव्हाच आत गेले.

आत जायला दोन गेटं आहेत आणि या एका गोष्टीसाठी मी त्या जागेला मनापासून दाद देते. पहिलं गेट उघडून तुम्ही कुत्र्यासकट एका छोट्या पिंजऱ्यासारख्या जागेत येता, ते बंद करायचं, मग तिथेच पट्टा काढायचा, मग दुसरं गेट. दोन्ही एकदम कधीच उघडी नसतात त्यामुळे आतला कुत्रा निसटून बायपासवर जायची भीतीच नाही. आणि पट्टा तिथेच काढायचा यालाही कारण आहे. आत सगळे मोकळे आणि एकटा बांधलेला असला तर बांधलेल्याला पळता येत नाही, बाकीचे येऊन त्याला घेरतात, आणि भांडण तिथेच सुरू होतं. चोक चेन, काट्याचा पट्टा हे तर काढायलाच लावतात, खेळता खेळता दुसऱ्याचा दात त्यात अडकला की दोघांचा जीव जाऊ शकतो. साधी पट्टी चालते, नाव नि फोन नंबर लिहिलेली.

पहिल्यांदा आलेल्या कुत्र्याला ते थेट मैदानात सोडत नाहीत. शेजारी एक छोटा वाडा आहे, तिथे त्यांचा स्वतःचा एक म्हातारा शांत लॅब, म्हणजे लॅब्रॅडोर कुत्रा आहे, त्याच्यासोबत दहा-पंधरा मिनिटं ठेवतात आणि बघतात. काळूने आधी लॅबकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तारेच्या कडेकडेने पूर्ण चक्कर मारून प्रत्येक खांबाचा वास घेतला, प्रत्येक खांबावर सही केली, मग लॅबला मागून हुंगलं, मग एकदम पुढचे पाय पसरून छाती जमिनीला, शेपटी वर. पोरगा म्हणाला ये तो खेलने को बोल रहा है, छोड दो. त्यानंतर मी माझ्या कुत्र्याला पळताना पहिल्यांदा बघितलं असं म्हटलं तरी चालेल. घरात सोफ्याभोवती मारतो त्या गिरक्या नाहीत, खरं पळणं, कान मागे, चारही पाय एका वेळी जमिनीवरून उचललेले, वळताना माती उडतेय, आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघतोय की मी आहे ना. माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मैदान साधारण एकराच्या आसपास असेल. तार सहा फुटी, जाळीची, आणि खालून फूटभर सिमेंटचा कट्टा, कारण काही कुत्री उकरून बाहेर जातात, हस्की तर हमखास. इंदूरात हस्की पाळावा का हा वेगळा विषय आहे, मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत त्या जिवाचे काय हाल होतात ते बघवत नाहीत. जमीन आपली माळव्याची काळी माती, पावसात चिकट गोळे होऊन बोटांच्या मध्ये बसते आणि घरी येईपर्यंत गाडीच्या सीटची वाट, पण यांनी अर्ध्या भागात मुरूम टाकून उतार दिलाय त्यामुळे पाणी वाहून जातं. दुसऱ्या अर्ध्यात दूब, म्हणजे दूर्वांचं गवत आहे. कडुनिंबाची तीन-चार मोठी झाडं जुन्या शेताची तशीच ठेवलीत, बाकी हिरवी जाळी. उन्हाळ्यात सकाळी आठ वाजता बंद करतात ते संध्याकाळी सहानंतरच उघडतात, कितीही पैसे देतो म्हणा. हाताची उलटी बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही, हे त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय आणि ते वाचून मी घरी दुपारी गच्चीवर नेणं बंद केलं.

दहा किलोच्या आतल्यांचा भाग वेगळा. पॉमेरेनियन, शिह त्झू, डॅशहुंड असे तिकडे. काही लोकांना राग येतो की आमचा तर सगळ्यांशी खेळतो, पण मोठा कुत्रा खेळता खेळता नुसता अंगावर पडला तरी छोट्याची कंबर जाऊ शकते, आणि छोटं घाबरून किंचाळत पळालं की मोठ्याच्या डोक्यात ते पकडायचं जनावर होतं. वाईट कुणीच नसतं त्यात. म्हणून मधली तार पाहिजेच.

पण सगळ्यात जमेची बाजू म्हणजे मैदानावर नजर ठेवणारी ती दोन पोरं. शेजारच्या गावातली आहेत, कुठला कोर्स वगैरे नाही, पण कुत्रं वाचता येतं त्यांना. मी बाकावर बसून त्यांच्याकडून शिकत गेले. खेळ चाललाय की भांडण पेटतंय ते कसं ओळखायचं, तर खेळात पाळी बदलते, आत्ता हा मागे तो पुढे, मग तो मागे हा पुढे, खालचा मधेच वर येतो, मधेमधे दोघं थांबतात, अंग झटकतात, पुन्हा सुरू. तोंड सैल उघडं, अंगाला लवचिकपणा. आणि एकाचंच चाललंय, खालचा सुटायला बघतोय, किंवा एखादा एकदम ताठ झाला, तोंड मिटलं, शेपटी वर ताठ, नजर एका जागी, तर तिथे आवाज यायच्या आधी जायचं. ते ओरडत नाहीत, मधनं नुसते चालत जातात, कुत्र्याला बाजूला बोलावतात, दोन मिनिटं वाड्यात, मग पुन्हा सोडतात. आणि मालक मंडळींना सारखं सांगतात की मोबाइल खिशात ठेवा. खरं आहे ते. बहुतेक गडबड होते तेव्हा मालकाची मान खाली असते.

आता एक स्टार कशाला गेला ते. रविवार. रविवारी ती जागा वेगळीच असते. एका तासाला किती कुत्री घ्यायची याला काही धरबंध राहत नाही, दोन पोरांना एवढ्यांवर नजर ठेवणं शक्यच नाही, आणि वर वाढदिवसाचं बुकिंग घेतात. कुत्र्याचा वाढदिवस, केक, टोप्या, फुगे, स्पीकर. ज्याला करायचाय त्याने करावा, हौस आहे, पण मोकळ्या कुत्र्यांच्या मधोमध खाणं आणलं की काय होणार ते सांगायला नको. मी होते त्या रविवारी केक खाली ठेवला, एक लॅब आणि एक रॉटवायलर दोघंही आले, आणि क्षणात जुंपली. मालकाने मधे हात घालायला घेतला होता, पोरगा जिवाच्या आकांताने ओरडला हात मत डालो, आणि बादलीभर पाणी दोघांवर फेकलं, सुटले. कान फाटला एकाचा, बाकी ठीक. मी नंतर पार्कच्या मालकांशी बोलले, ते चिडले नाहीत, म्हणाले की वहिनी खर्च निघत नाही हो, रविवारीच काय तो धंदा होतो. खर्चाचं मला कळतं. पण खाणं तारेच्या बाहेर आणि एका वेळी ठराविकच कुत्री, एवढं तरी पाहिजेच. तोवर मी रविवारी जाणार नाही आणि तुम्हालाही जा म्हणणार नाही.

दुसरं, पाण्याचा हौद. रोज धुतात म्हणतात पण एकदा कडेला हिरवं शेवाळ बघितलं. स्वतःचा कटोरा न्या, पाणी घरचं न्या. आणि परत आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली गोचीड शोधा, विशेषतः पावसाळ्यात, टिक फीव्हर झाला की प्लेटलेट धडाधड खाली येतात आणि पंधरवडा डॉक्टरकडे फेऱ्या. हा त्या जागेचा दोष नाही, गवत जिथे तिथे गोचीड.

एवढं सगळं चांगलं सांगून झालं, आता जे मला खरं बोलायचंय ते. तिथे जायला गाडी लागते. कुत्र्याला ऑटोवाले घेत नाहीत, दुचाकीवर काळूएवढा कुत्रा बसत नाही. पेट्रोल, तासाचे अडीचशे, अर्धा-पाऊण तास जायला तेवढाच यायला. आमच्या मल्टीत तिसऱ्या मजल्यावर एक काकू आहेत, पेन्शनवर एकट्या राहतात, काका गेल्यापासून त्यांचा बीगल हाच त्यांचा सोबती, त्या कधी जाणार तिथे? गल्लीतल्या कुत्र्याला घरात घेणारी जी पोरं आहेत, कॉलेजची, पीजीत राहणारी, ती कुठून आणणार पैसे? म्हणजे ज्याच्याकडे फार्महाउस आहे त्याचा कुत्रा पळतो आणि ज्याच्याकडे दोन खोल्या आहेत त्याचा पट्ट्यावरच जन्म काढतो. हे मला बरोबर वाटत नाही, आणि बाग तर घरापासून दोन मिनिटांवर आहे.

बाग आहे, फाटकावर पाटी पण आहे, कुत्तों का प्रवेश वर्जित. आतमध्ये चालायचा ट्रॅक, झोपाळे, ओपन जिम, आणि बोअरच्या खोलीच्या मागे एक मोठा तुकडा आहे जिथे वर्षानुवर्षं तुटक्या घसरगुंड्या पडल्यात आणि कमरेएवढं गाजरगवत. तिकडे कुणी जात नाही. आम्ही कुत्रेवाल्या घरांनी मिळून एवढंच मागितलंय की तो तुकडा द्या, तार आणि दोन गेटं वर्गणीतून आम्ही लावतो, साफसफाई आमची, आणि सकाळी साडेपाच ते साडेसहा आणि रात्री आठ ते नऊ या वेळेत तिथे कुत्री मोकळी सोडू द्या. बाकी पूर्ण बागेत पट्टा कायम. पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना भेटलो, त्यांनी ऐकून घेतलं, अर्ज महापालिकेच्या झोन ऑफिसात दिलाय, त्यांच्या तक्रारींच्या ३११ ॲपवर पण टाकलंय, आता वाट बघतोय.

लोकांना वाटतं हे काहीतरी श्रीमंतांचं फॅड आहे. तर थोडं सांगते. आपला प्राण्यांशी क्रूरतेने वागण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे आणि त्याच्या ११व्या कलमात मारझोड, उपासमार यांच्याच रांगेत हे पण लिहिलंय की जो कुत्रा कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेला असतो त्याला मालकाने पुरेसा व्यायाम दिला नाही तर ती क्रूरता. आखूड साखळीने बांधून ठेवणं पण त्यातच. म्हणजे व्यायाम द्या असं कायदा मला सांगतो, आणि व्यायाम द्यायच्या जागेच्या फाटकावर प्रवेश वर्जित. मग द्यायचा कुठे? २०१५ मध्ये ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने सोसायट्यांसाठी सूचना काढल्या, त्यातही बागांमधून पाळीव प्राण्यांना सरसकट बाहेर ठेवणं हे पुढचा विचार न करणं आहे, हवं तर वेळ ठरवून द्या, अशा अर्थाचं आहे. त्याच सूचनांमध्ये सार्वजनिक जागी पट्टा बांधा, शी उचला हे पण आहे, आणि आम्हाला दोन्ही मान्य आहे. आम्ही पट्टा सोडायचा हक्क रस्त्यावर मागत नाही, तारेच्या आत मागतोय.

आणि हे जगात कुणी केलं नाही असं पण नाही. न्यूयॉर्कमध्ये, तेवढ्या गर्दीच्या शहरात, कित्येक मोठ्या बागांच्या ठरवून दिलेल्या भागांत बाग उघडल्यापासून सकाळी नऊपर्यंत आणि रात्री नऊनंतर बाग बंद होईपर्यंत कुत्री मोकळी सोडता येतात, आधी वर्षानुवर्षं नुसतीच रीत होती, त्यावर वाद झाला, कोर्टापर्यंत गेलं, आणि २००७ मध्ये तो रीतसर नियम झाला. अट अशी की कुत्र्याचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा पुरावा पाहिजे. नीट बघा, वेळ दिली आणि त्या बदल्यात लस घेतली. अमेरिकेतलंच बर्कलीचं ओलोनी पार्क, १९७९ चं, तिथलं पहिलं डॉग पार्क म्हणतात, तेही आसपासच्या लोकांनीच मागून मिळवलं. लांब कशाला, हैदराबादला कोंडापूरला महापालिकेने २०१८ मध्ये सव्वा एकराच्या आसपास जागेत डॉग पार्क केलं, जिथे आधी कचरा टाकायचे तिथे. माझी मुलगी बेंगळुरूला असते, कब्बन पार्कमध्ये रविवारी कुत्र्यांचा मेळाच भरतो म्हणते, २०२२ मध्ये तिथे कुत्र्यांवर बंदी आणायचं चाललं होतं तेव्हा लोक एकत्र झाले, सह्या गोळा केल्या, आणि ती बंदी टळली. कचरा वेगवेगळा करायला आख्ख्या शहराला लावणारं इंदूर, २०१७ पासून स्वच्छतेत एवढी वर्षं देशात पहिलं येणारं इंदूर, ८५ वॉर्डांपैकी एका वॉर्डात हा एक तुकडा करून बघू शकत नाही असं मला अजिबात वाटत नाही. आपल्याकडे सवय लावता येते हे आपणच सिद्ध केलंय.

विरोध आहे आणि मी तो ऐकलाय. आमच्या बागेत सकाळी सहाला योगाचा ग्रुप बसतो, त्यातले एक आजोबा मला सरळ म्हणाले की बाई, मला कुत्र्याची भीती वाटते, लहानपणी चावलं होतं तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती, तुझा कितीही गरीब असला तरी माझे पाय लटपटतात. याला मी काय उत्तर देणार, त्यांची भीती खरी आहे, आणि या वयात नुसतं दचकून पडले तरी खुब्याचं हाड जाईल. तो गरीब आहे, काही करत नाही, हे वाक्य आपण कुत्रेवाल्यांनी बोलणं बंद करायला पाहिजे. म्हणूनच तार पाहिजे. आज काय होतंय, की पहाटे अंधारात काही लोक पाटी असूनही आत येतात आणि सगळ्या बागेत कुत्री मोकळी सोडतात, ना कार्ड ना तार ना कुणाची नजर, आणि आजोबांना कुठून कोण येईल ते कळत नाही. वेळ आणि जागा ठरली तर आजोबांनाही माहीत असेल की कुत्री तारेच्या पलीकडेच आहेत. हे त्यांना मी शांतपणे सांगितलं, ते म्हणाले की दोन गेटं असतील आणि ट्रॅकपासून लांब असेल तर माझी हरकत नाही, आणि अर्जावर त्यांनी सही केली. आमच्या अर्जावरची ती सगळ्यात मोलाची सही आहे.

शीचा मुद्दा तर शंभर टक्के बरोबर आहे. त्यातून जंताची अंडी मातीत जातात, मुलं मातीत खेळतात, हात तोंडात घालतात. जो उचलत नाही त्याला महिनाभर प्रवेश बंद, यात दयामाया नको, माझी शेजारीण असली तरी नको. बायपासच्या पार्कमध्ये प्रत्येक खांबाला पिशव्यांची गुंडाळी आणि झाकणाचा डबा आहे, आणि विश्वास ठेवा, अख्ख्या मैदानात कुठे पाय भरत नाही, कारण सगळे एकमेकांकडे बघत असतात.

आणि गल्लीतली कुत्री. हा खरा अवघड भाग आहे आणि न्यूयॉर्कच्या नियमात याचं उत्तर सापडणार नाही कारण तिथे ही गोष्टच नाही. आमच्या बागेत चार-पाच राहतात, ती त्यांची जागा आहे, बाहेरचा कुत्रा आला की ती अंगावर येणारच. २०२३ चे नसबंदीचे नियम आहेत, त्याप्रमाणे पकडून नसबंदी, लस, आणि परत त्याच जागी सोडायचं. आम्ही ठरवलंय की तारेसाठी काढलेल्या वर्गणीतला काही भाग या चार-पाच जणांच्या नसबंदी नि दरवर्षीच्या लसीला जाईल, आणि त्यांचं खाणं रोज एकाच जागी, बागेच्या मागच्या भिंतीपाशी, मुलांच्या झोपाळ्यांपासून लांब. देशाचं ठरलंय ना की २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचा, आणि त्यासाठी शंभरातल्या किमान सत्तर कुत्र्यांना लस पाहिजे असं डब्ल्यूएचओ सांगतं, तर मग कार्ड दाखवल्याशिवाय आत सोडायचं नाही असा तुकडा प्रत्येक वॉर्डात असला तर किती पाळीव कुत्र्यांची लस आपोआप वेळेवर होईल विचार करा. नुसत्या दंडाच्या धाकाने लोक कार्ड लपवतात. मैदान मिळणार म्हटलं की स्वतःहून काढतात. बायपासला गाडीवाल्या साहेबांनी दोन मिनिटांत फोटो मागवलाच ना.

महूला व्हेटर्नरी कॉलेज आहे, इतकं जवळ, तिथल्या लोकांचा सल्ला घेता येईल. टेकनपूरला बीएसएफचं कुत्र्यांचं ट्रेनिंग सेंटर आपल्याच राज्यात आहे. ज्ञान नाही असं नाहीये. आणि मालकांना पण शिकावं लागेल, हाक मारली की कुत्रा परत आलाच पाहिजे, ते घरातून सुरू करायचं, मग गच्ची, मग लांब दोरी बांधून मैदान, आणि आला की दर वेळी पनीरचा तुकडा, आणि उशिरा आला तरी कधीही ओरडायचं नाही, नाहीतर परत येणं म्हणजे बोलणी खाणं असं त्याच्या डोक्यात बसतं. काळूला हे जमायला बराच वेळ लागला पण आता मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून येतो. आणि ज्याचा कुत्रा खरोखर दुसऱ्या कुत्र्यांना घाबरतो किंवा अंगावर जातो त्याने त्याला गर्दीत ढकलू नये, त्याला एकट्याला वेळ मागावी, बायपासवाले सकाळच्या पहिल्या तासात देतात तशी.

आपल्या घरात गुरुवारी आरती करतो त्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत, खंडोबाच्या पायाशी आहे, होळकरांचं कुलदैवत ते. माझी सासू काळूला आधी घरात घ्यायला तयार नव्हती, तिला मी तीच तसबीर दाखवली. एकाही कुत्र्याच्या गळ्यात साखळी नाही. आता तीच त्याला पोळी देते.

तर ज्यांना बायपासला जायचंय त्यांनी मंगळवार ते शुक्रवार जा, सकाळची पहिली वेळ घ्या, कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पाणी नि कटोरा घरचा, खाणं गाडीतच ठेवा, पाऊस पडला असेल तर आधी फोन करून मुरमाचा भाग उघडा आहे का ते विचारा. आणि जे राजेंद्र नगरच्या आसपास राहतात, कुत्रा असो नसो, त्यांनी रविवारी सकाळी पोह्यांच्या आधी आठ वाजता बागेच्या फाटकापाशी या, सह्यांचा कागद माझ्याकडे असतो, कुत्रा असेल तर लसीच्या कार्डाची झेरॉक्स आणा, ती अर्जाला जोडायचीये. ज्यांची हरकत आहे त्यांनी तर नक्की या, तार कुठून कुठे टाकायची ते तुमच्यासमोरच मोजू.